रस्त्याकडेच्या विहिरींना कठडा कधी?

जानेवारी उजाडला की जालन्यात रस्ता सुरक्षा अभियान सुरू होते. शाळकरी मुलांच्या फेऱ्या निघतात, हेल्मेट न घातलेल्यांना चौकात गुलाबाचे फूल दिले जाते, चालकांची नेत्रतपासणी होते. यातले काहीच वाईट नाही. पण या साऱ्याचा रोख एकट्या चालकावर असतो. अभियानाच्या नावात रस्ता आहे; त्या रस्त्याची तपासणी मात्र क्वचितच होते.

१८ जुलै २०२४. आषाढी एकादशी होऊन एकच दिवस झाला होता. पंढरपूरहून परतलेल्या वारकऱ्यांना घेऊन गावाकडे निघालेली काळी-पिवळी जालना-राजूर रस्त्यावर तुपेवाडीजवळ दुचाकीला वाचवताना रस्ता सोडून कडेच्या विहिरीत कोसळली. सात जणांचा मृत्यू झाला. ऑगस्ट २०२५ मध्ये जाफराबाद तालुक्यात गाढेगव्हाण येथे मोटार विहिरीत पडली आणि पाच जण गेले. अशा घटनांनंतर ‘चालकाचा ताबा सुटला’ एवढ्या एका वाक्यात कारण सांगितले जाते आणि विषय मिटतो.

शवविच्छेदनाच्या टेबलावर मात्र हे कारण पुरे पडत नाही. ताबा सुटणे हे अपघाताचे कारण झाले. मृत्यूचे कारण विहीर आहे. तीच गाडी कपाशीच्या शेतात शिरली असती तर कोणाचा हात मोडला असता, कोणाला टाके पडले असते, पण बहुतेक जण घरी पोहोचले असते.

अपघातानंतरच्या पहिल्या तासाला, ‘गोल्डन अवर’ला, वैद्यकात फार महत्त्व आहे. रक्तस्राव थांबवला, श्वासमार्ग मोकळा ठेवला आणि रुग्ण वेळेत रुग्णालयात पोहोचला तर अनेक जीव वाचतात. १०८ रुग्णवाहिका त्यासाठीच आहे. पण पाण्याखाली हा तास मिळत नाही. प्राणवायू तुटल्यावर चार-पाच मिनिटांत मेंदूला कायमची इजा होऊ लागते. इतक्या वेळात कोणतीही रुग्णवाहिका आडरस्त्यावरच्या विहिरीपर्यंत पोहोचणार नाही, आणि पोहोचली तरी पाण्यात बुडालेल्या गाडीचे दार उघडणार कोण? इथे उपचाराला वाव जवळजवळ नाहीच. जे काही करायचे ते गाडी पडण्याआधी.

विल्यम हॅडन या अमेरिकी डॉक्टरने १९६०च्या दशकात अपघाताकडे साथरोगासारखे पाहायला शिकवले. माणूस, वाहन आणि परिसर हे तीन घटक. अपघाताआधी, अपघात घडताना आणि नंतर हे तीन टप्पे. असा नऊ घरांचा तक्ता मांडला की मृत्यू कुठे कुठे अडवता येतो ते दिसते. जानेवारीतले अभियान यातले बहुधा एकच घर भरते: अपघाताआधीचा माणूस. उरलेली आठ घरे रिकामी राहतात.

डेंग्यूची साथ आली की आरोग्य कर्मचारी ‘डासांपासून सावध राहा’ एवढे सांगून परतत नाहीत. ते घरोघर जाऊन रांजण, टाक्या, टायर तपासतात, साठलेले पाणी ओतून देतात, डबक्यांत गप्पी मासे सोडतात. डास चावणारच हे गृहीत धरून त्यांची पैदासच थांबवली जाते. रस्त्यावरही माणूस चुकणारच हे गृहीत धरायला हवे. स्वीडनने १९९७ मध्ये हेच धोरण म्हणून स्वीकारले: चूक होईल, पण तिची शिक्षा मृत्यू असता कामा नये. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर २०१६ मध्ये १५१ जणांचा बळी गेला होता. त्यानंतर तिथे धोक्याची ठिकाणे एकेक करून शोधली गेली, कठड्यांमागे झाकली गेली, सोबत वेगावर नजर ठेवली गेली. काही वर्षांत मृत्यू निम्म्याहून खाली आले.

याचा अर्थ चालकाला मोकळीक असा नव्हे. २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ जणांचा मृत्यू झाला. त्यात ५०,०२९ दुचाकीस्वारांच्या डोक्यावर हेल्मेट नव्हते. वेग ६० वरून ८० वर गेला की धडकेची ऊर्जा पाऊणपटीहून अधिक वाढते, हे भौतिकशास्त्र कोणालाच सवलत देत नाही. सीटबेल्ट लावला तर पाण्यात अडकून पडू, ही समजूतही चुकीची आहे. बेल्ट लावलेला माणूस धडकेनंतर शुद्धीवर असण्याची शक्यता जास्त असते, आणि बाहेर पडायचे तर शुद्ध हवीच.

विहिरींसाठी शेतकऱ्याला दोष देऊनही भागणार नाही. अनेक रस्ते एकेकाळी गाडीवाटा होत्या. वाट रुंद झाली, डांबर पडले, वेग वाढला आणि बांधावरची विहीर आपोआप रस्त्याच्या कडेला आली. सदोष रस्त्याची जबाबदारी मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनेही रस्ता करणाऱ्या यंत्रणेवर टाकली आहे.

काम अवघड नाही. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा रस्ता सुरक्षा समितीने तालुकावार सर्वेक्षण लावावे. तलाठी, ग्रामसेवक आणि बांधकाम विभागाच्या अभियंत्याने रस्त्यालगतच्या प्रत्येक विहिरीची नोंद करावी. वळणावरच्या आणि उतारावरच्या विहिरी आधी घ्याव्यात. रस्ता आणि विहीर यांच्यामध्ये लोखंडी संरक्षक कठडा, रात्री चमकणाऱ्या पट्ट्या आणि अलीकडे वेग कमी करण्याची सूचना, एवढे तरी करावे. वापरात नसलेल्या विहिरी मालकाच्या संमतीने बुजवाव्यात. लागणारा पैसा जिल्हा नियोजन समितीतून मिळावा आणि किती विहिरींना कठडा झाला ते तालुक्यागणिक जाहीर व्हावे.

राजूरच्या गणपतीला अंगारकीच्या रात्री हजारो लोक याच रस्त्याने पायी जातात. आषाढीला पुन्हा गाड्या भरून पंढरपूरला जातील आणि परततील. जानेवारीत सुरू झालेले सर्वेक्षण आषाढीपूर्वी कठड्यापर्यंत पोहोचले, तरच त्या अभियानाला सुरक्षा हे नाव शोभेल.