पाणथळाचाही दावा भरा



वनहक्काचे दावे भरताना आपल्या वाड्यांमध्ये एक गोष्ट मागे राहते. दळीची जमीन लिहिली जाते, घराखालची जागा लिहिली जाते. पाणी मात्र लिहिलं जात नाही. ज्या कोंडात आपण मासे धरतो, ज्या ओहोळात मुठे सापडतात, ज्या झऱ्यावर मे महिन्यात हंडे भरतात, खाडीच्या ज्या चिखलात बाया चिंबोऱ्या आणि निवट्या धरतात, त्यांचं नाव फॉर्मवर येत नाही. आपल्याला वाटतं, पाणी काय कुणाच्या नावावर असतं? असतं, साथींनो. आपण नाव लावलं नाही तर दुसरा लावतो.

अशा जागेसाठी सरकारी कागदाला दोनच शब्द ठाऊक आहेत. एक पडीक, दुसरा राखीव.

जिथून सारा येत नाही ती जागा पडीक. मग ती खाजण असो, दलदल असो की माळ. पडीक म्हटली की भरावाला मोकळी. 1970 साली सिडको आली, तेव्हापासून पनवेल-उरणचा खाडीकाठ हे बघतोय. विमानतळासाठी उलव्याची टेकडी फोडली, उलवे नदीची वाट वळवली, 10 गावं उठवली, पाणथळ आणि तिवरं मातीखाली गेली. ज्यांच्या हातात सातबारा होता त्यांना मोबदल्यासाठी भांडता तरी आलं. चिखलात हात घालून पोट भरणाऱ्याने कुठला कागद दाखवायचा?

आता राखीव. कर्नाळा 1968 साली पक्षी अभयारण्य झालं. तेव्हा साडेचार चौरस किलोमीटरच्या आत होतं, पुढे वाढवून बारावर नेलं. पाखरांशी आपलं वैर नाही. पण 1972 च्या वन्यजीव कायद्यातच लिहिलंय की अभयारण्याच्या हद्दीतले लोकांचे हक्क कलेक्टरने चौकशी करून ठरवावेत. आपल्या वाडीला अशी चौकशी कधी कळली का, ते जुन्या माणसांना विचारा.

लोकांना न विचारता रेघ मारली की काय होतं, ते सोलापूर-नगरकडे दिसलं. 1979 साली माळढोक पक्ष्यासाठी 8,000 चौरस किलोमीटरहून मोठं अभयारण्य जाहीर झालं. शेतं, गावं, सगळं रेघेच्या आत. लोक वैतागले. शेवटी सरकारलाच ते कापून 1,200 च्या आसपास आणावं लागलं. माळढोकाला उघडा गवताळ माळ लागतो. पण माळ म्हणजे ओसाड, असं धरून तिथे झाडंही लावली गेली. आज तिथे माळढोक बोटांवर मोजण्याइतकेच राहिलेत. पक्षीही गेला, माणसंही दुखावली.

पाणथळ जागांचा जगाचा करार 1971 साली इराणमधल्या रामसर गावात झाला. भारत त्यात 1982 साली आला. आपली ठाणे खाडी 2022 साली त्या यादीत गेली. त्या करारातही ‘शहाणपणाने वापर’ असंच म्हटलंय. माणसांना हाकला, असं नाही.

आपला वनहक्क कायदा, 2006 तर स्पष्ट आहे. कलम 3 मध्ये पाण्यातले मासे आणि इतर उपज यांवरचा सामूहिक हक्क आहे, गुरं चारण्याचा आहे. शिकारीचा नाही. अभयारण्याची जमीनही या कायद्यात वनजमीनच आहे. रायगडला पेसा लागू नाही, पण हा कायदा लागू आहे. उच्च न्यायालयाच्या 2005 च्या आदेशानंतर सरकारी जमिनीवरची तिवरं वन म्हणून जाहीर होत आली. जिथे वन झालं, तिथे वनहक्कही मागता येतो. दाव्याचा निकाल लागेपर्यंत कुणाला उठवता येत नाही.

म्हणून पुढच्या सभेत एवढं करा. प्रत्येक कोंड, डोह, झरा, ओहोळ, खाजण आपण ज्या नावाने ओळखतो त्याच नावाने लिहा. कुठल्या महिन्यात तिथे काय मिळतं ते लिहा. वलगणीचे मासे कुठून चढतात ते नकाशावर काढा. 13 डिसेंबर 2005 च्या आधीपासूनचा वापर दाखवायचा आहे. म्हाताऱ्याकोताऱ्यांचे जबाब लिहून घ्या, तो पुरावा कायद्याला चालतो. बायांना पुढे बसवा. झरे आणि चिखल त्यांच्याइतके कुणालाच माहीत नाहीत.

आणि हक्कासोबत राखणही आली. कलम 5 पाण्याचे उगम आणि पाणलोट राखण्याचं काम ग्रामसभेवर टाकतं. ब्लिचिंग पावडर टाकून कोंडातले मासे मारणं बंद, असा ठराव आधी आपण करू. अंड्यावरचा मासा सोडायचा, हेही त्यातच लिहू. मग उद्या कुणी डंपर घेऊन आला, किंवा तारेचं कुंपण घेऊन आला, तर त्याच्यापुढे ठेवायला आपल्याकडे नुसती घोषणा नाही, ग्रामसभेचा कागद असेल.

जमीन लिहिलीत. आता पाणी लिहा.