म्हातारीला भूत कोणी केले?

दर हिवाळ्यात आमच्या टेबलावर दहा-बारा भुते येऊन पडतात. आम्ही मराठीचे अध्यापक. शेजारच्या जनसंवाद विभागात अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांना दहा मिनिटांचा लघुपट करावा लागतो आणि त्याच्या संहिता शुद्धलेखन तपासण्यासाठी आमच्याकडे धाडल्या जातात. (मराठीच्या माणसाने संहितेत शुद्धलेखनापलीकडे काही पाहावे, अशी अपेक्षा कोणाचीच नसते. बरीच वर्षे आमचीही नव्हती.) यांतल्या निम्म्याहून अधिक संहिता भयपटाच्या असतात. कारण उघड आहे. भयपटाला गाणी लागत नाहीत, नट फारसे लागत नाहीत, प्रकाश तर कमीच लागतो. एक रात्र, एक भाड्याचा कॅमेरा आणि महालातला एखादा पडका वाडा मिळाला की झाले.

आणि त्या वाड्यात एक म्हातारी असते. पाठमोरी, पांढरे लुगडे, केस मोकळे. पैज लावून आत शिरलेल्या पोरांपैकी एकजण तिच्या खांद्यावर हात ठेवतो, ती वळते, आणि पडदा काळा होतो. हा शेवट आम्ही इतक्यांदा तपासला आहे की 'किंकाळी'तला पहिला ऱ्हस्व दुरुस्त करण्याची आता आमच्या हाताला सवयच झाली आहे. आमचा आक्षेप त्या ऱ्हस्व-दीर्घाला नाही, त्या म्हातारीला आहे.

रसविचार आपण वर्गात शिकवतो. भयानक रसाचा स्थायी भाव भय, बीभत्साचा जुगुप्सा. ज्याच्यामुळे भय उपजते ते आलंबन, आणि ते भय ज्याने वाढते ते उद्दीपन. परीक्षेत हे पाच गुणांना येते आणि विद्यार्थी पाचपैकी चार मिळवतात. मग तोच विद्यार्थी लघुपट करायला बसतो तेव्हा काय होते? त्याची सगळी योजना उद्दीपनाची असते. धूर कशाने काढायचा, दार कुठे करकरणार, दिवा केव्हा विझणार, पार्श्वसंगीताचा ठोका कोणत्या क्षणी पडणार, याची रेखाटने तो कागदावर काढतो, चौकटी आखतो, वाड्याची दोनदा पाहणी करून येतो. हे काम तो मन लावून करतो, त्याबद्दल आमच्या मनात आदरच आहे. पण भ्यायचे कोणाला, हा प्रश्न त्या सगळ्या कागदांत एकदाही विचारलेला नसतो. आलंबनाची जागा रिकामी राहते आणि रिकाम्या जागेत आपल्या समाजाने जे आधीच बसवून ठेवले आहे तेच येऊन बसते: एकटी, वृद्ध, बहुधा विधवा बाई.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. पाच मुलांच्या एका गटाने वस्तीतल्या एका काकूंना गाठले. वय सत्तरीच्या पुढे, घरात एकट्या, स्वभावाने हौशी. काकू आनंदाने तयार झाल्या. संहितेत त्यांच्या पात्राचे नाव 'म्हातारी' एवढेच होते आणि त्या पात्राला एकही संवाद नव्हता. आमच्यापैकी एकाने मुलांना विचारले, ही बाई कोण आहे, ती या वाड्यात का राहते? उत्तर आले, "सर, हॉररमध्ये म्हातारी तर लागतेच न!" आम्ही हसलो आणि शुद्धलेखन तपासून संहिता परत केली. लघुपट बरा झाला. छायाचित्रण चांगले होते, गुणही चांगले मिळाले. मुलांनी तो वस्तीतही भिंतीवर दाखवला. पुढचे काही महिने गल्लीतली लहान पोरे काकूंच्या दारावरून पळत जाताना 'चेटकीण, चेटकीण' म्हणून ओरडत. काकूंनी ते हसण्यावारी नेले. त्यांच्या शेजारणीने मात्र आपल्या नातवाला त्यांच्याकडे पाठवणे बंद केले, आणि ते काही काकूंना हसण्यावारी नेता आले नाही.

एवढ्याशा गोष्टीचा बाऊ कशाला, असे कोणी म्हणेल. म्हणणाऱ्याने नागपूरहून चंद्रपूरकडे पाहावे. २०२१च्या ऑगस्टमध्ये त्या जिल्ह्यातल्या जिवती तालुक्यात भानामती केल्याच्या संशयावरून गावकऱ्यांनी माणसांना भर चौकात खांबांना बांधून मारले. त्यांत वृद्ध होते, बायका होत्या. हे मध्ययुगात घडलेले नाही. जादूटोणाविरोधी कायदा २०१३ साली झाल्यानंतर आठ वर्षांनी घडलेले आहे. अमुक व्यक्ती करणी करते, जादूटोणा करते, असे भासवून तिचे जगणे अवघड करणे हा त्या कायद्याने गुन्हा ठरवलेला आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी खून झाला, आणि त्यानंतरच सरकारला या कायद्याचा अध्यादेश काढण्याची घाई झाली. श्याम मानव यांनी आपले अंधश्रद्धा निर्मूलनाचे काम ज्या शहरातून उभे केले, त्याच शहरातल्या महाविद्यालयांत आम्ही म्हातारीला चेटकीण करणाऱ्या संहितांवर 'ठीक' असा शेरा मारत आलो आहोत.

येथे आमचे काही मित्र टाळी देतील आणि म्हणतील, म्हणूनच भूतकथा, भयपट हे सगळे बंद करा. त्या टाळीला आमचा हात पुढे होणार नाही. भय हा माणसाचा स्थायी भाव आहे, तो ठरावाने जात नाही. आणि भूत म्हणजे अंधश्रद्धाच, हे समीकरण साहित्याच्या विद्यार्थ्याने तरी मांडू नये. वेताळपंचविशीतला वेताळ प्रेतात शिरून राजाच्या खांद्यावर बसतो, पण तो किंचाळत नाही. गोष्ट सांगतो आणि शेवटी न्यायाचा प्रश्न विचारतो. उत्तर ठाऊक असून गप्प राहिलास तर डोक्याची शकले होतील, ही त्याची धमकी आहे. आमच्या विद्यार्थ्यांच्या भुतांना प्रश्नच पडत नाहीत, ही त्यांची खरी उणीव.

'तुंबाड'चे उदाहरण घ्यावे. २०१८ साली आलेला राही अनिल बर्वे यांचा हा चित्रपट आमच्या प्रत्येक विद्यार्थ्याने पाहिलेला असतो. पुष्कळांनी तो २०२४ साली पुन्हा लागल्यावर चित्रपटगृहातही पाहिला. त्यातला पाऊस, तो वाडा, ते गर्भासारखे लाल तळघर त्यांना तोंडपाठ असते. त्याचे बीज आपल्याच भागात पडले, हे मात्र बहुतेकांना ठाऊक नसते. १९९३ साली नागझिऱ्याच्या जंगलात एका मित्राने आपल्याला नारायण धारपांची एक कथा सांगितली, असे बर्वे यांनी सांगितलेले आहे. नागझिरा नागपूरपासून शंभर-सव्वाशे किलोमीटर. ना कॅमेरा, ना धूर. एक सांगणारा आणि एक ऐकणारा. ती कथा म्हणजे 'आजी', आणि ती धारपांनी स्टीफन किंगच्या कथेवरून घेतली होती. तेव्हा उसनवारीबद्दल आमची तक्रार नाही. परदेशी बाहुली आणि परदेशी जोगीण यांची नक्कल करणाऱ्या मुलांना 'आपल्या मातीतले भूत शोधा' एवढेच सांगून भागत नाही, कारण आपल्या मातीतली हडळसुद्धा बाईच आहे.

'तुंबाड'ने त्या उसन्या आजीचे काय केले ते पाहण्यासारखे आहे. सुरुवातीला ती साखळीने बांधलेली, झोपेतही खायला मागणारी, मुलाचा थरकाप उडवणारी आहे. पुढे विनायक मोठा होऊन परततो तेव्हा तिच्या देहातून झाड उगवलेले असते, मरण येत नसते आणि तीच त्याच्याकडे सुटका मागते. त्या क्षणी आलंबन बदलते. आपण तिला भीत नाही, तिच्यासमोर उभ्या असलेल्या आणि खजिन्याचा पत्ता विचारणाऱ्या त्या देखण्या माणसाला भितो. विशाल फुरिया यांच्या 'लपाछपी'तही (भारतात प्रदर्शन २०१७) उसाच्या फडातली भुते प्रथम अंगावर येतात. पण स्त्रीभ्रूणहत्येची गोष्ट उलगडत जाते तसे कळते की त्या गर्भार मुलीला धोका भुतांपासून नाही, पोट पाहून मुलगाच होणार का हे जोखणाऱ्या घरापासून आहे. ही दोन्ही उदाहरणे निर्दोष आहेत असे नाही. 'लपाछपी'त शेवटी शेवटी फार बोलून दाखवले आहे, असे आमचे मत आहे. पण भ्यायचे कोणाला, याचा विचार दोन्हींत झालेला आहे, आणि तो चित्रीकरणाच्या आधी, कागदावर झालेला आहे.

कागदावरचे हे काम कोणाचे? जनसंवाद विभाग म्हणतो, आम्ही तंत्र शिकवतो. मराठी विभाग म्हणतो, भयकथा हे हलके वाङ्मय. धारप आणि रत्नाकर मतकरी यांना आम्ही दोन पिढ्या रेल्वे स्टेशनवरच्या पुस्तकांत काढले. मतकरींची नाटके शिकवली तर त्यांच्या गूढकथांचा उल्लेख एका वाक्यात उरकला. ज्याला भयानक रसाची व्याख्या येते त्याला त्या रसाची एकही मराठी कथा नेमलेली नाही, आणि ज्याला भयपट करायचा आहे त्याला व्याख्याच कोणी सांगितलेली नाही. दोन विभागांच्या मध्ये एक जिना आहे. तो उतरून जायला आम्हाला वीस वर्षे लागली, हे येथे कबूल करतो.

गेल्या वर्षीपासून आम्ही शुद्धलेखन शेवटी पाहतो. संहिता आली की आधी पात्रांची नावे विचारतो. 'म्हातारी', 'वेडी', 'भिकारी' ही नावे चालत नाहीत. मग विचारतो, तुम्हाला स्वतःला शेवटची भीती कधी वाटली होती? एका मुलीने यावर रात्रीचे नाव घेतले नाही. ती म्हणाली, मे महिन्यातली दुपार. पारा पंचेचाळिसाच्या पुढे, गल्लीत चिटपाखरू नाही, घरात ती एकटी, आणि वीज गेली. कूलर थांबला. नागपूरच्या माणसाला त्या शांततेचे वर्णन करून सांगावे लागत नाही. दिवसभर कानात भरलेला घरघराट एकदम गळून पडतो आणि घरातले बाकीचे सगळे आवाज एकेक करून ऐकू येऊ लागतात. त्या आवाजांत तिला शेजारच्या खोलीतल्या बोलण्याचा आवाज आला. तिच्या लग्नाचे तिला न विचारता ठरत होते.

घरात ती एकटी होती, मग बोलत कोण होते, असे आम्ही विचारले. ती म्हणाली, तेच तर लिहायचे आहे.

संहिता अजून पुरी झालेली नाही. तिसरा खर्डा आमच्याकडे आहे. त्यात एक आजी आहेत. त्यांना नाव आहे, सहा संवाद आहेत, आणि त्या मुलीला दार उघडून देतात. त्या भूमिकेसाठी मुले पुन्हा त्याच काकूंकडे गेली होती. काकू लगेच हो म्हणाल्या नाहीत. चहा दिला, संहिता दोन दिवस ठेवून घेतली, नातवाला न पाठवणाऱ्या त्या शेजारणीकडून वाचून घेतली म्हणतात, आणि मग निरोप धाडला: "करतो म्हणा. पण केस मोकळे सोडणार नाही."