नागरिकत्वाची फाइल नेमकी कुठे अडते?

2024 सालच्या 11 मार्चची संध्याकाळ. मगरिबनंतर आम्ही सगळे गच्चीवर रमजानचा चंद्र शोधत होतो. चंद्र दिसला, मुबारकबादी झाली, तरावीहला निघायची घाई सुरू झाली आणि तेवढ्यात मोबाइलवर बातमी झळकली: नागरिकत्व सुधारणा कायद्याचे नियम केंद्र सरकारने जाहीर केले. मशिदीच्या आवारात त्या रात्री बराच वेळ त्यावरच बोलणे चालले. कोणी रागावले होते, कोणी धास्तावले होते.

दुसऱ्या दिवशी पहिल्या रोजाच्या इफ्तारीला आमच्या शेजारच्या चाची भज्यांची थाळी घेऊन आल्या. त्यांचा प्रश्न मात्र निराळाच होता. “बेटा, त्या नव्या नियमांत पासपोर्टची अट काढली म्हणतात. माझंपण होऊन जाईल का त्यात?”

चाची मूळच्या कराचीच्या. त्यांचे आजोळ इथलेच. फाळणीने एकाच घराचे दोन देश केले आणि नंतरही मामे-मावस भावंडांत लग्ने होत राहिली. अशाच नात्यातून 2003 साली त्या सून म्हणून इथे आल्या. नवरा भारतीय, दोन्ही मुले जन्माने भारतीय. चाची तेवढ्या दीर्घ मुदतीच्या व्हिसावर. तो वाढवून घ्यायचा, पोलिसांकडे नोंद ठेवायची, नणंदेच्या घरी दुसऱ्या शहरात लग्नाला जायचे तरी आधी परवानगी काढायची, असे गेली वीस-बावीस वर्षे चालले आहे. आई वारली तेव्हा त्या गेल्या नाहीत. गेल्यावर परत येण्याचा व्हिसा वेळेत मिळेल याची खात्री कोणीच देईना, आणि धाकटा तेव्हा दुसरीत होता.

त्यांच्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असेच होते. ते नियम पाकिस्तान, बांगलादेश आणि अफगाणिस्तानातून 31 डिसेंबर 2014 पर्यंत आलेल्या हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी आणि ख्रिश्चनांसाठी आहेत. हा धर्माचा निकष मला पटत नाही, हे लपवण्याचे कारण नाही. तो वाद सर्वोच्च न्यायालयात आहे, तिथेच त्याचा निकाल लागेल. पण चाचींच्या प्रश्नातला दुसरा भाग माझ्या डोक्यातून जात नाही. पासपोर्टची अट खरोखरच काढता येते का? येते. सरकारने ती काढून दाखवली आहे.

चाचींसारख्यांसाठी रस्ता 1955 च्या नागरिकत्व कायद्यातच आहे. भारतीय नागरिकाशी लग्न झालेल्या व्यक्तीने इथे सात वर्षे वास्तव्य केले की कलम 5 खाली नोंदणीसाठी अर्ज करता येतो. अर्ज कलेक्टर कचेरीत जातो, तिथून पोलीस आणि गुप्तवार्ता खात्याकडे चौकशीला, मग मंत्रालयात, मग दिल्लीला गृहमंत्रालयात. चाचींनी सात वर्षे पुरी होताच अर्ज केला. चौकशीचा अहवाल पाठवल्याचे त्यांना तीनदा सांगण्यात आले. तिसऱ्यांदा कळले की तो पुढे गेलाच नव्हता. दरम्यान त्यांच्या पासपोर्टची मुदत संपली. अर्जासाठी चालू पासपोर्ट हवा, आणि तो नवा करायला दिल्लीतले पाकिस्तानचे उच्चायुक्तालय गाठायला हवे. तिथे तिकडचे ओळखपत्र मागितले, जे चाचींकडे कधी नव्हतेच. पुढे मंजुरी मिळालीच तर तिकडचे नागरिकत्व सोडल्याचा दाखलाही तिथूनच आणायचा.

हे उच्चायुक्तालय म्हणजे आज किती माणसांचे? 2020 मध्ये दोन्ही देशांनी एकमेकांचे कर्मचारी निम्म्यावर आणले, 55 राहिले. पहलगामच्या हल्ल्यानंतर ते 30 वर आणायचे ठरले. त्या दोन सरकारांचे काय बिनसले आणि कोणाचे चुकले, हा मोठा विषय. पण आमच्या गल्लीतल्या एका बाईचा कागद त्या तीस माणसांच्या टेबलावर अडकला आहे आणि त्यांना तो देण्याची काही गरज वाटत नाही, एवढे खरे.

हा त्रास एकट्या चाचींचा असता तर मी या पानावर लिहिले नसते. नागपूर, उल्हासनगर, जळगावकडच्या सिंधी बांधवांना विचारा. सिंधमधून आलेली कित्येक हिंदू कुटुंबे याच रांगेत वर्षानुवर्षे उभी होती. डिसेंबर 2021 मध्ये गृहमंत्रालयाने संसदेत दिलेल्या माहितीनुसार नागरिकत्वाचे 10,635 अर्ज पडून होते; त्यांतले 7,306 पाकिस्तानी नागरिकांचे, तर 428 कोणत्याच देशाचे नागरिक नसलेल्यांचे. त्याच सुमारास राजस्थानातल्या ‘सीमांत लोक संगठन’ या संस्थेने सांगितले, की नागरिकत्वाचे काही जमत नाही हे पाहून 2021 या एका वर्षात सुमारे 800 पाकिस्तानी हिंदू परत निघून गेले. आणि अडचण कसली, तर ऑनलाइन अर्जात मुदत संपलेला पासपोर्ट चालत नव्हता! नवा करायला पुन्हा दिल्ली, पुन्हा तेच उच्चायुक्तालय, पुन्हा न परवडणारी फी. ज्या देशातून जीव मुठीत धरून निघालो, त्याच देशाच्या दारात कागदासाठी उभे राहायचे, ही केवढी क्रूर थट्टा.

सरकारला हे हळूहळू उमगले. 2016 मध्ये नागपूर, मुंबई, पुणे, ठाणे यांच्यासह 16 जिल्ह्यांच्या कलेक्टरांना या सहा समाजांच्या अर्जांवर स्वतः निर्णय घेण्याचा अधिकार दिला गेला. म्हणजे दिल्लीची फेरी वाचली. 2024 च्या नियमांनी त्याहून पुढचे पाऊल टाकले. पासपोर्ट नसला तरी तिकडचा जन्मदाखला, शाळेचा दाखला, जमिनीची किंवा भाड्याची नोंद, यांपैकी काहीही एक चालते, मुदत उलटून गेलेली असली तरी. आणि सर्वांत मोठी गोष्ट: तिकडच्या नागरिकत्वाचा त्याग केल्याचा परक्या सरकारचा दाखला लागत नाही. अर्ज मंजूर झाल्यास ते नागरिकत्व मी कायमचे सोडले, एवढे अर्जदाराने स्वतः लिहून दिले की झाले. 15 मे 2024 ला दिल्लीत पहिल्या 14 जणांच्या हाती प्रमाणपत्रे पडली. त्यांचे फोटो मी पाहिले. त्या चेहऱ्यांवरचा सुटकेचा भाव मला ओळखीचा वाटला, आणि मनापासून आनंदही झाला.

मग हीच सोय बाकीच्या अर्जदारांना का नको? इथे मी कलम 5 ची वर्षे कमी करा असे म्हणत नाही, कुणाला धर्माच्या यादीत घाला असेही म्हणत नाही. सात वर्षांची अट राहू द्या, चौकशी राहू द्या. मंत्रालयाच्या टेबलावर एक प्रतिज्ञापत्र पुरते, हे ज्या सरकारने मान्य केले, त्याने ते चाचींच्या हातचेही मान्य करावे. हा नियमांतला बदल आहे. त्यासाठी संविधान हलवावे लागत नाही.

केरळमधल्या दोन बहिणींची गोष्ट याच मुद्द्याची. लहान वयात त्या आईबरोबर इथे आल्या. भारतीय नागरिक होण्यासाठी 2017 मध्ये त्यांनी आपले पाकिस्तानी पासपोर्ट परत केले. पण तिकडचा कायदा सांगतो, की 21 वर्षांखालच्या व्यक्तीला नागरिकत्व सोडता येत नाही, म्हणून त्यागाचा दाखला मिळाला नाही. केरळ उच्च न्यायालयात एका न्यायमूर्तींनी त्यांच्या बाजूने निकाल दिला, ऑगस्ट 2025 मध्ये खंडपीठाने तो फिरवला: दाखला हवाच. न्यायालयाने नियम वाचला, त्यात त्यांना दोष देता येत नाही. पण त्या मुलींकडे आज तिकडचा पासपोर्ट नाही आणि इकडचाही नाही.

“सुरक्षेचे काय?” हा प्रश्न कोणीही विचारील आणि विचारावाच. शत्रुत्व असलेल्या देशातून आलेल्या माणसाची चौकशी झाली पाहिजे. मात्र चौकशी आणि ताटकळत ठेवणे यांत फरक आहे. ज्या बाईची पोलीस ठाण्यात दोन दशके नोंद आहे, जिचे घर, नातेवाईक, फोन, प्रवास सगळे कागदावर आहे, तिच्याइतकी तपासलेली व्यक्ती आमच्या अख्ख्या शहरात दुसरी नसेल! धोका असेल तर अर्ज फेटाळा. धोका नसेल तर मंजूर करा. पंधरा वर्षे फाइल टेबलावर ठेवून देशाची कोणती सुरक्षा होते, हे मला अजून कोणी समजावलेले नाही.

आणि फेटाळायचेच तर कारण सांगा. नागरिकत्व कायद्याचे कलम 14 म्हणते, की अर्ज मंजूर किंवा नामंजूर करताना कारण देण्याचे बंधन सरकारवर नाही. साध्या बांधकामाची परवानगी नाकारली तरी नगरपालिका कारण लिहून देते. इथे माणसाचे पुढचे आयुष्य ठरते आणि हाती येते ते एका ओळीचे पत्र. कारण कळले तर माणूस कमी पडलेला कागद आणील, चुकीची नोंद दुरुस्त करील, फेरविचार मागील. कारणच नसेल तर तो दलालाकडे जातो. कचेऱ्यांच्या बाहेर झेरॉक्सच्या टपरीवर ‘दिल्लीत ओळख आहे’ म्हणणारे लोक कशावर पोट भरतात, ते वेगळे सांगायला नको. चाचींचे मंगळसूत्र (हो, आमच्याकडे लच्छा म्हणतात) अशाच एकाने खाल्ले.

मुदतीचेही तसेच. अमेरिकेत नागरिकत्वाच्या मुलाखतीनंतर 120 दिवसांत निर्णय झाला नाही तर अर्जदाराला थेट संघीय न्यायालयात जाता येते. अमेरिकेचा आदर्श म्हणून मी हे सांगत नाही. तिथे स्थलांतरितांशी वागणूक किती कडक झाली आहे हे आपण रोज वाचतो. आपल्याच शहरातल्या जोशी-पाटील-शेखांची मुले तिथे ग्रीन कार्डच्या रांगेत आहेत. कोणत्याही एका देशाला सात टक्क्यांहून जास्त कार्डे नाहीत, या नियमामुळे भारतीयांची रांग संपता संपत नाही. नोकरी गेली तर घर, गाडी, मुलांची शाळा सगळे सोडून यावे लागेल या धाकात ती मुले जगतात. व्हिडिओ कॉलवर त्यांचे ऐकताना आपला जीव तुटतो. शेजारच्या गल्लीतल्या त्याच धाकाकडे मात्र आपले लक्ष जात नाही.

आपल्याच देशाने हे काम एकदा फार मोठ्या मनाने केले आहे. फाळणीत लाखो माणसे आली. संविधानाच्या सहाव्या कलमाने ठरवले, की 19 जुलै 1948 पूर्वी येऊन इथे राहिलेले नागरिकच मानायचे. त्यानंतर आलेल्यांनी सहा महिने वास्तव्य दाखवून अधिकाऱ्याकडे नोंद करायची. सहा महिने! तेव्हा संगणक नव्हता, आधार नव्हते, आणि सीमेवर रक्त वाळलेले नव्हते. कल्याणच्या छावणीतून उल्हासनगर उभे राहिले ते असे.

रमजानच्या पानावर एक जुनी गोष्ट सांगायला हरकत नसावी. मक्केत छळ वाढला तेव्हा पैगंबर हजरत मुहंमद (स.) यांनी आपल्या काही अनुयायांना समुद्रापलीकडे हबशांच्या देशात, आजच्या इथिओपियाच्या भागात, जायला सांगितले. तिथला राजा नजाशी ख्रिश्चन होता. मक्केच्या सरदारांनी भेटवस्तू देऊन माणसे पाठवली: हे पळून आलेले लोक आमच्या ताब्यात द्या. दरबारी तयार होते. राजा म्हणाला, आधी त्यांचे ऐकतो. हजरत जाफर उभे राहिले, बोलले, आणि राजाने भेटवस्तू परत केल्या. इस्लामच्या इतिहासातला पहिला आसरा असा दुसऱ्या धर्माच्या राजाने दिलेला आहे. मला त्यात दयेइतकीच दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. त्याने त्यांना समोर बोलावून विचारले.

आपल्या कचेऱ्यांत नेमके हेच होत नाही. पुढची तारीख खिडकीतूनच सांगितली जाते, तीही “पाकिस्तानवाली कोण?” अशा हाकेने. एकदा चाचींबरोबर मीही गेलो होतो. रांगेतल्या सगळ्या माना वळल्या. त्यांचा मोठा मुलगा कॉलेजात जातो; त्याने त्या दिवसापासून आईबरोबर तिथे जाणे सोडले. दुसरीकडे, त्याच इमारतीत एक लेखनिक बाई होत्या. त्यांनी चाचींना खुर्ची दिली, कोणते कागद कमी आहेत ते मराठीत एका कागदावर लिहून दिले. वर्षभरात बदली झाली त्यांची. तो कागद चाचींनी अजून फाइलमध्ये जपून ठेवला आहे. काय सुधारायचे ते त्या बाईंना कोणी शिकवले नव्हते. पोच, कमी कागदांची लेखी यादी, पुढच्या टप्प्याची तारीख आणि बसायला जागा, एवढे प्रत्येक जिल्ह्यात करायला दिल्लीच्या आदेशाची वाट कशाला पाहायची?

2025 च्या एप्रिलमध्ये पहलगामला 26 माणसे मारली गेली. पाकिस्तानी नागरिकांचे व्हिसा रद्द झाल्याची बातमी आली त्या रात्री चाचींच्या घरात दिवे चालूच होते. दीर्घ मुदतीचे व्हिसा त्या आदेशातून वगळले आहेत, हे स्पष्ट व्हायला मधे काही दिवस गेले. तेवढ्या दिवसांत त्यांनी एक बॅग भरली होती. मुलांचे लहानपणीचे फोटो, दोन जोड कपडे आणि ती फाइल.

बॅग नंतर रिकामी झाली. फाइल पुन्हा कपाटात गेली. यंदाही त्या पहिल्या रोजाला थाळी घेऊन आल्या. ईदनंतरच्या आठवड्यात कलेक्टर कचेरीत बोलावले आहे म्हणाल्या, आणि या वेळी धाकटा बरोबर येतो म्हणाला आहे.