मय्यतीला सारा गाव, आजाराला एकटी सून

आमच्या समाजात माणूस मेला की त्याचे घर एकटे पडत नाही, हे आम्ही अभिमानाने सांगतो आणि ते खरेही आहे. मशिदीतून ऐलान झाले की तासाभरात कफन येते, कबर खोदायला पोरे धावतात, गुसल देणारे हजर होतात. तीन दिवस त्या घरात चूल पेटत नाही, शेजारपाजारचे डबे येतात. पण तोच माणूस त्याआधी चार-चार वर्षे अंथरुणाला खिळून असतो, तेव्हा त्या घरी एक डबा तरी कुणी पोहोचवला काय?

आम्ही हे आमच्याच घरावरून बोलतो. अम्मीला लकवा झाला तेव्हा थोरले भाई दमामला आणि आम्ही नोकरीच्या गावी. उरल्या भाभी. दर दोन तासांनी कूस बदला, नाहीतर पाठीला जखमा होतील, असे डॉक्टरांनी एकदा सांगितले आणि भाभींनी ते चार वर्षे पाळले. रात्रीचे बारा, दोन, चार, मग फजर. नाकातल्या नळीतून पेज, लघवीची पिशवी, चादरी धुणे. विचारपूस करायला येणारे सोफ्यावर बसत, सरबत घेत आणि उठताना म्हणत, "नशीबवान आहेस बाई, जन्नत कमावते आहेस." त्या काळात भाभी सख्ख्या बहिणीच्या निकाहलाही जाऊ शकल्या नाहीत. त्यांना स्वतःला ब्लडप्रेशर आहे, हे घराला कळले ते त्या मोरीत चक्कर येऊन पडल्या तेव्हा. सुट्टीत घरी गेलो की आम्हीही त्याच सोफ्यावर बसत होतो, हे लपवण्यात अर्थ नाही.

आता या जन्नतीच्या हिशेबाबद्दल. सूरह बनी इस्राईलमध्ये म्हाताऱ्या आईबापांपुढे 'उफ्'सुद्धा काढू नका, अशी ताकीद आहे. ती कुणाला? त्यांच्या औलादीला. सासूसासऱ्यांची खिदमत सुनेवर फर्ज नाही, ती करते तो तिचा एहसान, असे उलेमाच सांगतात. आमच्या बयानांत मात्र हे क्वचितच ऐकू येते. मुलाचे फर्ज ड्राफ्टने फिटते आणि सुनेचा एहसान हेच तिचे फर्ज, अशी वाटणी आम्ही परस्पर करून टाकली. देशाचा 2007 चा ज्येष्ठ नागरिक कायदाही जबाबदारी टाकतो ती मुलामुलींवर आणि नातवंडांवर. सून-जावयांना त्यात ओढणारे विधेयक 2019 साली आले, ते मंजूर झाले नाही. अर्थात तो कायदा पोटगीचा हिशेब करतो. झोपेचा हिशेब कुठल्याच कायद्यात नाही.

आणि खिदमत हे बायकांचे काम म्हणणाऱ्यांनी बद्रची लढाई आठवावी. हजरत उस्मान त्या लढाईत नव्हते. बीबी रुकय्या आजारी होत्या आणि त्यांच्या उशाशी थांबण्याचा हुकूम खुद्द पैगंबरांनी दिला होता. लढाईनंतर उस्मानांना लढणाऱ्यांच्या बरोबरीने हिस्सा मिळाला. आजाऱ्याजवळ बसलेला पुरुष तिथे गैरहजर धरला गेला नाही. आमच्याकडे तसा पुरुष दिसला की लोक विचारतात, घरात बाई नाही का?

ब्यूरोची मावशी ठेवा म्हटले की इज्जत आडवी येते. "अम्मीला परक्या बाईच्या हाती दिले" असे मोहल्ला म्हणेल. अम्मीला वृद्धाश्रमात टाका असे कोण म्हणते आहे? भाभींनी मागितली होती जुम्याची एक दुपार, झोपण्यासाठी. तीही फुकट नको, अम्मीजवळ बसणारे माणूस हवे होते.

कैरोत सुलतान कलावूनने 1284 साली वक्फच्या उत्पन्नावर दवाखाना उभारला, गरिबाला तिथे औषधपाणी मोफत होते, हे आमचे वक्ते जलशांत रंगवून सांगतात. आमच्या वक्फच्या गाळ्यांचे भाडे किती वर्षांपूर्वी ठरले ते मात्र सांगत नाहीत. पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे, स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांच्या नातेवाइकांचे गट आहेत. सांभाळणारी माणसे तिथे एकमेकांजवळ मन मोकळे करतात. वृद्धांसाठी 14567 आणि मनाच्या त्रासासाठी 14416 हे सरकारी फोन आहेत. नमाजच्या वेळांशेजारी हे दोन आकडे फळ्यावर लिहायला किती खडू लागतो?

अम्मी गेली तेव्हा डबे इतके आले की अन्न वाया गेले. त्यानंतर जमातीच्या बैठकीत आम्ही विषय मांडला. लिल्लाह फंडातून मोहल्ल्यातल्याच दोन गरजू बायकांना पगार द्यावा, रुग्णाची निगा राखायला शिकवावे, पाळीपाळीने घरोघर पाठवावे. हवेची गादी, चाकाची खुर्ची, कमोड विकत घेऊन जनाजा ठेवतो त्याच खोलीत ठेवावे, लागेल त्याने न्यावे. एक बुजुर्ग म्हणाले, "हा घराघरातला मामला आहे, जमातीने कशाला पडायचे?" पुढचा पाऊण तास वजूखान्याच्या फरशीच्या रंगावर गेला.

रमजानच्या आधी पुन्हा बैठक आहे. विषय आम्ही पुन्हा मांडणार आहोत. या वेळी भाभी स्वतः येऊन बोलणार आहेत. त्यांनी कुठे बसायचे, यावर सध्या जमातीत चर्चा सुरू आहे.