वयालाही जात असते

मराठीच्या व्याकरणात तीन लिंगं, दोन वचनं आणि तीन पुरुष आहेत असं शाळेत शिकवतात. एक गोष्ट मात्र शिकवत नाहीत. या भाषेत माणसाचं वय जन्मतारखेवरून ठरत नाही. ते आडनावावरून ठरतं.

बघा. सदाशिव पेठेतला २० वर्षांचा बाप्या 'मुलगा' असतो. काच फोडली तर 'अल्लड वय आहे'. दारू पिऊन घरी आला तर 'संगत वाईट लागली'. आमच्या वस्तीतलं १५ वर्षांचं पोर नाक्यावर नुसतं उभं राहिलं तरी टपोरी. केस वाढवले तर गुंड. निळा झेंडा खांद्यावर घेतला तर समाजकंटक. आणि चुकूनमाकून कॉलेजात पोचलं तर सरकारचा जावई. च्यायला, हे कसलं जावईपण? परीक्षा होऊन जाते तरी शिष्यवृत्ती हाती पडत नाही आणि कारकुनाच्या खिडकीशी हा जावई हात जोडून उभा!

मान घ्यायची वेळ आली की गणित उलटं फिरतं. माझा आजा सत्तरीला टेकला होता. पाटलाचं सहा वर्षांचं शेंबडं पोर त्याला 'ए किसन्या' म्हणायचं. आजा त्या पोराला 'जी धनी' म्हणायचा. म्हणजे मार खायला आम्ही पंधराव्या वर्षीच थोर, आणि मान मागायला सत्तराव्या वर्षीही पोरगेच.

आता १७ वर्षांचे दोघे शेजारी ठेवतो.

२८ एप्रिल २०१४, नगर जिल्ह्यातलं खर्डा. १७ वर्षांचा दलित विद्यार्थी. वरच्या जातीतल्या मुलीशी बोलतो, एवढ्याच संशयावरून त्याला मारलं आणि झाडाला लटकवलं. नोव्हेंबर २०१७ मध्ये खटल्यातले आरोपी सुटले. साक्षीदार उलटले होते. त्या दिवसांत मी माझ्या कानांनी ऐकलेला शब्द सांगतो: 'लफडं'. त्या वयात पेठेतल्या पोराला 'पहिलं प्रेम' होतं. आमच्याला लफडं होतं.

१९ मे २०२४, पुण्यातलं कल्याणीनगर. बिल्डरच्या घरातला १७ वर्षांचा मुलगा. तो चालवत होता असा आरोप असलेल्या पोर्श गाडीच्या धडकेत दोन तरुण इंजिनियर मेले. त्याच दिवशी जामीन झाला, आणि जामिनाच्या अटींत ३०० शब्दांचा निबंध! बोंब उठल्यावर हुकूम फिरवावा लागला. मोठ्या माणसासारखा खटला चालवा, अशी पोलिसांनी मागणी केली. जुलै २०२५ मध्ये बाल न्याय मंडळानं ती फेटाळली.

त्या पोराला फासावर चढवा असं मी म्हणत नाही. १७ वर्षांचं पोर हे मूलच, आणि कायदा तसं म्हणतो ते बरोबरच आहे. माझं भांडण वेगळं आहे. २०१५ च्या बाल न्याय कायद्यानं १६ ते १८ वयाच्या मुलांवर घोर गुन्ह्यात मोठ्यांसारखा खटला चालवायची वाट उघडली. त्या वाटेला कुणाला लावायचं हे ठरवताना मंडळ मुलाची कुवत, त्याची समज आणि गुन्ह्याची परिस्थिती तपासतं. ही समज कोणत्या भाषेत तपासणार? ज्या भाषेत झोपडपट्टीतलं पोर जन्मतःच 'अट्टल' असतं, त्याच भाषेत ना?

कायद्याची भाषाही सोवळी नाही. बालमजुरीच्या कायद्यात २०१६ साली दुरुस्ती झाली. १४ वर्षांखालच्या मुलांना कामावर ठेवायला बंदी. पण शाळा सुटल्यावर आणि सुट्टीत कुटुंबाच्या धंद्यात, काम धोक्याचं नसेल तर, 'मदत' करायला मोकळीक. किती गोड शब्द! वाण्याचं पोर गल्ल्यावर बसलं तर तो पुढचा मालक. चांभाराचं पोर रापी घेऊन बसलं तर तो पुढचा चांभार. बापजाद्यांचे धंदे सोडा म्हणून बाबासाहेबांनी कंठशोष केला. त्याच धंद्याला आता नाव मिळालंय, मदत.

आणि आमचे पुढारी? १९७२ साली दलित पँथर उभी राहिली तेव्हा नामदेव ढसाळ २३ वर्षांचा होता. त्याच्या फोटोला हार घालणारे आज २३ वर्षांच्या कार्यकर्त्याला काय म्हणतात? सतरंज्या उचलायच्या तेव्हा 'युवाशक्ती'. बैठकीत प्रश्न विचारला की 'अजून लहान आहेस, थांब'. मत द्यायचं वय १९८९ मध्ये २१ वरून १८ वर आलं. आमदारकीला उभं राहायला अजून २५ लागतात, आणि आमच्या पुढाऱ्यांच्या डोळ्यांत पोरगं मोठं व्हायला पन्नाशी लागते. पाटलाची जीभ आपल्या तोंडात कधी येऊन बसली, आपल्याला कळलंच नाही.

मित्रांनो, नुसतं चिडून भागणार नाही. उद्या वस्तीतलं पोर ठाण्यात नेलं तर पुढाऱ्याच्या चिठ्ठीची वाट बघू नका. शाळेचा दाखला घेऊन धावा. वय ठरवायला कायदा आधी तोच कागद बघतो. १८ च्या आतल्या मुलाला पोलीस कोठडीत डांबता येत नाही, हे ठाणेदाराला मोठ्यानं ऐकवा. तो 'आरोपी' म्हणेल, 'गुंड' म्हणेल, 'ह्यो' म्हणेल. तुम्ही कागदावर 'मूल' लिहून घेतल्याशिवाय तिथून हलू नका.

कल्याणीनगरच्या पोराला हा शब्द मिळाला. आमच्या पोरांचाही तो हक्काचा आहे.