बेंगळूरला जे विचारतो, ते बेळगावलाही विचारूया

सीमाभागातल्या माझ्या मित्रमैत्रिणींनो,

जुलै महिन्यात वडगावात मंगाईची यात्रा असते. पाहुणे येतात, घर भरतं. बहुतेक वर्षी त्याच दिवसांत पाऊस जोर धरतो आणि बळ्ळारी नाला आमच्या शिवारात शिरतो. यात्रेची भांडी घासता घासता आई विचारते, "शेताकडं कोण जाऊन आलं का?" धूळवाफ पेरणी केलेलं भात तेव्हा वीतभर आलेलं असतं. त्यात पाणी थांबून राहिलं की ते कुजतं. मग दुबार पेरणी, नाहीतर ते वर्ष सोडून द्यायचं.

नुसतं पावसाचं पाणी असतं तर आज्जीनं एवढं मनाला लावून घेतलं नसतं. पण त्या पाण्याला वास असतो. शहराचं सांडपाणी, गाळ, प्लास्टिक, जलपर्णी, सगळं त्यातून येतं. आज्जी म्हणते, "पाऊस देवाचा हाय गं, त्याला काय बोलायचं? पण ही गटार कुणाची?"

मी राज्यशास्त्र शिकते. आज्जीच्या या एका प्रश्नाचं उत्तर मला पुस्तकात मिळालं नाही, म्हणून आज हे लिहिते आहे.

वर्गात मोठं शहर आणि त्याच्या भोवतालचा प्रदेश हा विषय निघाला की आम्ही सगळे एकाच सुरात बोलतो. बेंगळूर! पाचशे किलोमीटरवर बसलेली राजधानी, तिला आमचं काय पडलंय? ही तक्रार खोटी नाही. २००२ मध्ये नंजुंडप्पा समितीनं अहवाल दिला, त्यात राज्यातल्या १७५ तालुक्यांपैकी ११४ मागासलेले ठरले. हायकोर्टात जायचं तर २००८ पर्यंत बेळगावच्या माणसाला बेंगळूरच गाठावं लागायचं. धारवाडला खंडपीठ आलं ते वकिलांच्या आणि लोकांच्या लांबलचक आंदोलनानंतर. २०१२ मध्ये हलग्याजवळ सुवर्ण विधानसौध उभं राहिलं. हिवाळ्यात काही दिवस मंत्री, आमदार, बंदोबस्त. अधिवेशन संपलं की राजधानी परत बेंगळूरला. इमारत मात्र इथंच.

आपल्यासाठी त्यात भाषेची आणखी एक भिंत आहे. घटनेचं कलम ३५० सांगतं, की कुठल्याही नागरिकाला आपलं गाऱ्हाणं राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत मांडता येतं. भाषिक अल्पसंख्याक जिथं १५ टक्क्यांहून जास्त आहेत, तिथं महत्त्वाची सरकारी कागदपत्रं त्यांच्याही भाषेत मिळावीत, हे देशानं मान्य केलेलं तत्त्व आहे. तरी उतारा काढायला गेलेला आपला शेतकरी हातातला कागद घेऊन कुणाला तरी "जरा वाचून सांगतासा काय" म्हणत फिरतो.

इथपर्यंत आपलं सगळ्यांचं एकमत आहे. पुढचं थोडं कडू आहे.

समजा भाषा एकच असती, तर शहर आपोआप जवळचं झालं असतं का? शेजारच्या चंदगडकडं बघा. राज्य महाराष्ट्र, भाषा मराठी, सगळं आपलं. तरी चंदगडच्या माणसाला हायकोर्टासाठी मुंबईच गाठावी लागायची. कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झालं ते ऑगस्ट २०२५ मध्ये, तेही वकील आणि सहा जिल्ह्यांतले लोक कित्येक वर्षं भांडल्यावर. विकासाचा अनुशेष मोजायला महाराष्ट्रालाही दांडेकर समिती नेमावी लागली होती, तिचा अहवाल १९८४ चा. भाषा एक असली म्हणजे गाऱ्हाणं सांगणं सोपं जातं. पण ते ऐकून घेतलं जाईलच असं नाही.

आता आपल्या बेळगावकडं येऊ. बेंगळूरसमोर आपण छोटे, हे खरंच. पण आपल्या भोवतालच्या गावांसाठी बेळगाव हेच महानगर आहे. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या सुमारे ४ लाख ८८ हजार होती. एवढ्या माणसांना प्यायला पाणी कुठून येतं? राकसकोपहून आणि हिडकलहून. भाजी, दूध, भात कुठून येतं? आसपासच्या शिवारांतून. आपली भाजी तर रोज चोर्ला घाट उतरून गोव्यालाही जाते. आणि शहराला पसरायला जागा लागते, ती कुठून येते? तीही याच शिवारांतून.

एकट्या हलग्यानं काय काय दिलं, ते मोजून बघा. सुवर्ण विधानसौध हलगा-बस्तवाडच्या हद्दीत. शहराचं सांडपाणी शुद्ध करायचा प्रकल्प हलग्यात, शेतकऱ्यांचा विरोध असताना. बायपासचं नावच हलगा-मच्छे. त्या बायपासच्या पट्ट्यातली वडगाव, शहापूर, अनगोळ, माजगावची जमीन म्हणजे बेळगाव बासमतीची जमीन. शिजताना गल्लीभर वास सुटणारा तो बारीक तांदूळ. तिथले शेतकरी वर्षानुवर्षे कधी कोर्टात, कधी बांधावर उभे राहून भांडत आले. रिंगरोडच्या नावानं तालुक्यातल्या बाकीच्या गावांनाही तीच धास्ती आहे.

या सगळ्यात शहरातले आपण मराठी लोक कुठं होतो? मोर्चाला काही जण गेले, हे खरं. पण बाकीचे? मी दुसऱ्यांना नावं ठेवत नाही, घरचंच सांगते. माझ्या चुलत दादानं गेल्या वर्षी एका नव्या लेआउटमध्ये फ्लॅट घेतला. वास्तुशांतीला आम्ही सगळे गेलो, पेढे खाल्ले, गॅलरीतून फोटो काढले. परत येताना पप्पा एवढंच म्हणाले, "हितं आमच्या वर्गातल्या पोराचं भात होतं." गाडीत कोणी काही बोललं नाही. त्या लेआउटचं सांडपाणी कुठं जातं, हे आम्ही दादाला विचारलं नाही. दादानंही बिल्डरला विचारलं नसेल. तिथला पाण्याचा उतार आमच्याच शिवाराकडं आहे.

आणि काकांची गोष्ट. एका रस्त्यासाठी त्यांची बारा गुंठे जमीन जाणार होती. राष्ट्रीय महामार्ग कायदा १९५६ चा. त्यात जमीन घेण्याची अधिसूचना दोन स्थानिक वर्तमानपत्रांत छापायची, त्यातलं एक तरी स्थानिक भाषेतलं असलं पाहिजे, आणि हरकत घ्यायला मुदत २१ दिवस. आमच्या घरी येतं मराठी वर्तमानपत्र. अधिसूचना छापून आली ती दुसऱ्या वर्तमानपत्रांत, इंग्रजीत आणि कन्नडमध्ये. काकांना कळलं तेव्हा ते २१ दिवस संपून गेले होते. कचेरीत त्यांना सांगितलं, "पेपरात दिलं होतं की." कायद्याच्या दृष्टीनं ते बरोबरच असेल. पण काका अजून ते २१ दिवस मोजतात. त्या दिवसांत आपण काय करत होतो, कुठल्या दिवशी कचेरीवरून पुढं गेलो, हे आठवत बसतात.

२०१३ च्या भूसंपादन कायद्यात सामाजिक परिणामांचा अभ्यास आहे, ग्रामपंचायतीशी सल्लामसलत आहे. महामार्ग कायद्याखाली जमीन गेली, तर त्यातला भरपाईचा आणि पुनर्वसनाचा भाग तेवढा लागू होतो, अभ्यास आणि सल्लामसलत नाही. म्हणजे पैसे किती हे ठरवायला कायदा आहे, पण मुळात रस्ता इथूनच का, हे विचारायला गावाला जागा नाही.

माझ्या मते सगळा प्रश्न इथं येऊन थांबतो. शहर वाढणार. रस्ते लागणार, पाणी लागणार. शहरच नको असं मी म्हणत नाही. माझं कॉलेज शहरात, आज्जीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन शहरात, उद्या नोकरीही शहरातच शोधणार. पण शहराचा निर्णय जिथं होतो, तिथं गावाला खुर्ची आहे का? महापालिकेत ५८ नगरसेवक. वडगावचा आवाज तिथं निदान पोचतो तरी. पण नाल्याच्या खालच्या अंगाला असलेल्या गावांचं तिथं एकही मत नाही. नगरविकास प्राधिकरणाचा अध्यक्ष राज्य सरकार नेमतं, लोक निवडून देत नाहीत. घटनेत महानगर नियोजन समितीची सोय आहे, पण ती दहा लाखांच्या वरच्या लोकवस्तीला. बेळगाव तिथं बसत नाही. उरते जिल्हा नियोजन समिती, कलम २४३ झेडडी. तिचे किमान चार-पंचमांश सदस्य जिल्हा पंचायतीच्या आणि पालिकांच्या निवडून आलेल्या सभासदांतून, गाव आणि शहराच्या लोकसंख्येच्या प्रमाणात निवडायचे असतात. गाव आणि शहर एका टेबलाशी बसावेत म्हणूनच ही समिती आहे. तिची शेवटची बैठक कधी झाली, हे आपल्यापैकी किती जणांनी कधी विचारलंय?

हीच गोष्ट मोठ्या प्रमाणात बघायची तर कणकुंबीला जा. मलप्रभेचा उगम तिथला. कळसा-भांडुराचं पाणी मलप्रभेत वळवून हुबळी-धारवाडकडं न्यायचं आहे. म्हादई लवादानं २०१८ मध्ये कर्नाटकाला १३.४२ टीएमसी दिलं, त्यातलं ३.९ टीएमसी या वळवण्यासाठी. त्यावर बेंगळूर बोलतं, पणजी बोलते, दिल्ली बोलते. ज्या डोंगरातून पाणी निघतं, तिथला खानापूर तालुक्यातला माणूस काय म्हणतो, हे या तीन राजधान्यांच्या भांडणात कुणाला ऐकू येतं? आणि खानापूरचा माणूस बेळगावला दवाखान्यात, कॉलेजात, बाजारात येतो, तेव्हा "जंगलातनं आलाय" म्हणून हसणारे आपल्यातही आहेत. नाही म्हणू नका, मी ऐकलंय.

काही जण म्हणतील, "अगं, आधी सीमाप्रश्न सुटू दे, मग हे बघू. आपल्याच माणसांवर बोट कशाला?" मला हे समजतं. हे बोलणाऱ्यांत माझे पप्पाही आहेत. पण महाराष्ट्राचा दावा २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे. निकालाची वाट बघत आपण थांबू शकतो, नाला थांबत नाही. आणि उद्या निकाल आपल्या बाजूनं लागला, तर राजधानी बदलेल. बळ्ळारी नाल्याचा उतार बदलणार नाही. तो शहराकडून शेताकडंच राहणार.

म्हणून बेंगळूरला आपण जे तीन प्रश्न विचारतो, तेच बेळगावलाही विचारूया. घेताना आम्हाला विचारलंस का? आम्हाला कळेल अशा भाषेत विचारलंस का? आणि घेतल्यावर परत काय दिलंस?

यातलं आपल्या हातात काय आहे? आपल्या प्रभागाच्या नगरसेवकाला नाल्यातला गाळ पावसाच्या आधी काढायला लावणं, जुलैत पंचनाम्याला येण्यापेक्षा एप्रिलमध्ये जेसीबी घेऊन ये म्हणणं. नवं लेआउट मंजूर होताना त्याचं सांडपाणी कुठं जाणार, हे फ्लॅट घेणाऱ्यानं विचारणं. जमिनीची प्रत्येक अधिसूचना ग्रामपंचायतीच्या फळ्यावर कन्नड आणि मराठी दोन्हींत लागावी, ही मागणी अर्ज करून, लेखी पोच घेऊन करणं. आमच्या कॉलेजातल्या आम्ही चौघींनी ठरवलंय, दर आठवड्याला वर्तमानपत्रांतल्या जमिनीच्या अधिसूचना बघायच्या आणि त्यातल्या गावांना मराठीत कळवायच्या. कन्नड चांगलं वाचणारी एक मैत्रीण आमच्यात आहे, घरी कन्नडच बोलते. तिच्याही मामाची जमीन त्याच पट्ट्यात आहे. नाल्याचं पाणी शिरताना मालकाची भाषा विचारत नाही, हे तिनंच मला सांगितलं.

आपण अभिमानानं म्हणतो, ८६५ गावं. नीट ऐका, आपल्या लढ्याचा आकडाच गावांचा आहे. त्या गावांच्या नावानं आपण सत्तर वर्षं न्याय मागतो आहोत. मग त्यातल्या आपल्या शेजारच्या गावाला, आपल्याच शहराकडून, आपल्याच हातानं मिळू शकतो तेवढा न्याय तरी आजपासून द्यायला काय हरकत आहे?

यंदाची मंगाईची यात्रा जवळ आली आहे. भात पेरून झालंय, चांगलं उगवलंय. आज्जी रोज ढगांकडं बघते. तिला ढगांची भीती नाही, वरच्या अंगाच्या शहराची आहे. आणि त्या शहरात तिची नात, पुतण्या, भाचा असे आपण सगळे राहतो.