बायपासनंतरची साखर गावातही सांभाळली जावी : निवेदन

प्रति,
मा. जिल्हा आरोग्य अधिकारी,
जिल्हा परिषद, औरंगपुरा, छत्रपती संभाजीनगर.

विषय : हृदयशस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांची रक्तातील साखर उपकेंद्र व प्राथमिक आरोग्य केंद्रात नियमित तपासण्याबाबत.

महोदय,

आम्ही खाली सह्या करणारे औरंगपुरा परिसरातील रहिवासी व अशा रुग्णांचे नातेवाईक आहोत. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेमुळे कन्नड-सिल्लोडकडच्या गरिबालाही आज बायपास करून घेता येते. ऑपरेशनच्या खर्चाची चिंता मिटली, पण साखर रुग्णाबरोबर एसटीत बसून गावी जाते आणि तिथे तिच्याकडे बघणारे कोणी नसते.

ऑपरेशनच्या ताणाने साखर चढते, मधुमेह नसलेल्यांचीही. म्हणून अतिदक्षता विभागात शिरेतून इन्सुलिन देऊन ती साधारण १८० च्या आत ठेवतात. ती चढीच राहिली, तर मधोमध कापून तारेने बांधलेले छातीचे हाड चिघळण्याचा धोका वाढतो. त्वचेखालच्या इंजेक्शनांऐवजी सतत शिरेतून इन्सुलिन दिल्यावर हा खोल जंतुसंसर्ग २ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आल्याचे अमेरिकेतील पोर्टलंडच्या डॉक्टरांनी १९९९ साली मांडले. साखर फार खाली खेचणेही जिवावर बेतते, हे २००९ च्या ‘नाइस-शुगर’ अभ्यासात दिसले. तेव्हा ‘गोड बंद करा’ एवढ्या सल्ल्यावर भागत नाही.

आमच्या माहितीतल्या एका रुग्णाकडे इन्सुलिनची, दर मिलीलिटरला ४० युनिटची कुपी होती आणि हातात नारिंगी टोपणाची, १०० युनिटची सिरिंज पडली. घरच्यांनी २० च्या रेघेपर्यंत औषध भरले. अंगात गेले जेमतेम ८ युनिट. साखर उतरेना, जखमेतून पाणी येऊ लागले. ४० च्या कुपीला लाल टोपणाचीच सिरिंज लागते, हे सांगायला अर्धे मिनिट पुरले असते.

म्हणून मागणी अशी की, शहरातून सुट्टी झालेल्या अशा प्रत्येक रुग्णाची नोंद उपकेंद्रात व्हावी आणि समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांनी पहिले दोन महिने दर आठवड्याला साखर व जखम तपासावी. कुपी आणि सिरिंज त्यांनी स्वतः जुळवून पाहावी. इन्सुलिनचे वेळापत्रक मराठीत लिहून मिळावे. लसींच्या फ्रीजमध्ये दुसरे औषध ठेवता येत नाही, याची आम्हाला कल्पना आहे. पण मराठवाड्याच्या उन्हाळ्यात पत्र्याच्या घरात इन्सुलिन टिकत नाही. तेव्हा प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात त्यासाठी वेगळा छोटा फ्रीज द्यावा.

ऑपरेशनला पाठवतानाही वैद्यकीय अधिकाऱ्यांनी तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा अहवाल आणि चालू गोळ्यांची नावे संदर्भ चिठ्ठीवर लिहावीत. डापाग्लिफ्लोझिनसारखी गोळी किमान तीन दिवस आधी थांबवावी लागते, नाहीतर साखर बरी दिसत असतानाही रक्तात आम्ल साचू शकते. चिठ्ठीवर नावच नसेल, तर सर्जनना कळणार कसे?

यावर काय कार्यवाही झाली, हे एका महिन्यात लेखी कळवावे, ही विनंती.

आपले विश्वासू,
औरंगपुरा परिसरातील रहिवासी व रुग्णांचे नातेवाईक
(सह्यांची यादी सोबत)

प्रत : मा. मुख्य कार्यकारी अधिकारी, जिल्हा परिषद, छत्रपती संभाजीनगर.